खड्यांची दाटी

सूर्य अजून तान्हा होता, तेव्हाची गोष्ट. त्याच्याभोवती वायू आणि धुळीची मोठी चकती फिरत होती. तीत एक खडा एकटाच फिरे; कुणी जवळ आलं की अंग चोरी. समोरून वायूचा वारा लागे, वेग मंदावे आणि खडा सूर्याकडे घसरे.

अंग भाजू लागलं, तेवढ्यात खड्यांचा घोळका दिसला. म्हातारी गारगोटी म्हणाली, "माझ्यामागे शीर, बाळा. वारा आम्ही अंगावर घेतो."

"धक्के लागतील ना, आजी?"

"लागतील. पण घसरणार नाहीस."

खडा शिरला. धक्के लागले, घसरण थांबली. त्यानं हुश्श केलं.

मागून आणखी एक खडा घसरत आला. पहिला खडा पुढे सरकून म्हणाला, "धक्के लागतील, पण ये."

असे खडे येत गेले आणि दाटी आपल्याच ओढीनं आवळून मोठा गोळा झाली. त्या दाटीलाच पुढे ग्रह म्हणू लागले.