ओढ्याकाठची रांग

जनावरांची पिल्लं टिटवीबाईंच्या शाळेत जात, तेव्हाची ही गोष्ट. ओढ्यावर धाकट्यांनी आधी पाणी प्यायचं, असा शाळेचा रिवाज होता. रानडुकरिणीचा गोट्या मात्र सशांना ढकलून पुढे घुसायचा. शेवटी बाईंनी त्याच्या आईला बोलावलं.

ती वाटेतल्या सशांना बाजूला सारतच आली. "वळण लावणं तुमचं काम, बाई. आम्ही कुठे कुठे बघायचं?"

"गोट्याची आई, जरा मागे बघा."

तिने वळून पाहिलं. पडलेला ससा धडपडत उठत होता, आणि गोट्या आईसारखाच त्याला धक्का देत येत होता.

संध्याकाळी घसा कोरडा पडला असतानाही ती ओढ्यावर थांबली. सशांना म्हणाली, "आधी तुम्ही प्या रे."

गोट्या तिच्याकडे बघत राहिला. मग मुकाट्याने तिच्या मागे जाऊन उभा राहिला.