खारीचे वीस गाल

यातला एक तरी शब्द खरा मानून दाखवा, माझ्या वाटणीचा गूळ तुमचा. नाही मानणार? बरं झालं, गूळ वाचला. ऐका मग.

एका रानात एक खार राहायची. नवरा घारीनं उचललेला, पदरात दोन पिल्लं, आणि जीव असा घाबरट की साधं पान पडलं तरी ओरडायची, "कोण आलं?" उन्हाळाभर ती चारोळ्या जमवायची. मोजायची गालानं. तुमची वाटी तसा तिचा गाल. पाऊस लागला की रानात खायला मिळायची मारामार. तेवढ्या दिवसांत दोन पिल्लांना साठ गाल लागतात, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ते साठ तिनं ढोलीत भरले. वर वीस उरले, आणि घोळ झाला तो तिथंच. उरलेलं कधी कुणाला गप्प बसू देतं का?

त्या रानात एक जुनं वारूळ होतं. वाळवी कधीच सोडून गेलेली. आत राहायची एक घूस. वारुळाला चहूबाजूंनी भोकं, आणि एकेका भोकाबाहेर एकेक जनावर बसायचं. कुणाचं तोंड कुणाला दिसायचं नाही. पलीकडे ससा आहे का लांडगा, देव जाणे! घूस आतून प्रत्येकाला दोन पानं सरकवायची. पिंपळ सगळ्यांत भारी, टाकळा सगळ्यांत हलका. पानं पटली तर चारोळ्या आत ढकलायच्या, नाही पटली तर पानं टाकून गप्प बसायचं. मग घूस मधे एक पान टाकायची, ते सगळ्यांचं. दोन सारखी एकापेक्षा भारी, तीन सारखी दोनांपेक्षा भारी. जिंकेल त्याच्या चारोळ्या. आणि दर डावाला एक चारोळी घूसबाईची, झाडलोटीची म्हणे! खालच्या भोकांशी बारीक खेळ चालायचा. वरच्या भोकाशी एका डावाला दहा दहा गाल.

खार गेली तळ्यावर. तिथं एक म्हातारी कासवीण पडलेली असायची. तरुणपणी तीही वारुळाशी बसलेली.

"मावशी, मी खेळू का?"

"नको म्हटलं तर थांबशील?"

"नाही."

"मग विचारतेस कशाला, भवाने! ऐक. साठ पोटाचे, वीस खेळाचे. ते वीस झाडाच्या मुळाशी पुर. साठांकडे बघायचंसुद्धा नाही. रोज एकच गाल न्यायचा, संपला की उठायचं. आणि संध्याकाळी मला जिंकलीस किती ते सांगू नकोस. चुकलीस किती ते सांग."

खार तशी गुणाची. रोज खालच्या भोकाशी बसायची, रोज संध्याकाळी तळ्यावर यायची. "मावशी, आज तीनदा चुकले. हलक्या पानांवर उगीच ढकललं." मग दोनदा. मग एकदा. विसाचे एकतीस झाले. पिल्लं शेपट्या उडवत म्हणायची, "आई, आपण श्रीमंत!"

आणि फेरा फिरला.

हातात दोन पिंपळ आले. खारीनं सगळा गाल ढकलला. मधे पडला टाकळा, आणि पलीकडच्या कुणा अडाण्याकडे निघाले दोन टाकळे! तीन टाकळ्यांनी दोन पिंपळ खाल्ले. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. असे नऊ दिवस.

"मावशी, आज एकदाही चुकले नाही."

"मग?"

"हरले."

"मग छान झालं की."

"छान? जीव चाललाय माझा!"

"अगं, पान काही तुझ्या हातात नाही. ढकलणं तुझ्या हातात. उद्या पुन्हा एकच गाल ने."

मुळाशी अजून बावीस गाल होते. पण खारीला बावीस दिसेनात, गेलेले नऊच दिसत. दहाव्या दिवशी तिनं दोन गाल नेले. मग तीन. मग पाच. संध्याकाळी तळ्यावर जायची बंद झाली, कारण तिथं चुका सांगाव्या लागल्या असत्या. शेपटीचे केस झडायला लागले. पिल्लं "आई, आई" करत तोंडाशी यायची आणि ही आपली वारुळाकडे कान लावून. बाविसांचा राहिला एक.

मग डोक्यात नवंच भूत शिरलं. "मी हरतेय हे सगळ्यांना कळलंय. आता कुणीतरी माझे साठ चोरणार!" म्हणून तिनं ते साठ गाल ढोलीतून काढून जांभळीखाली पुरले. तिथं मुंगूस दिसलं म्हणून बांबूच्या बेटात. तिथून ओढ्यात, ओढ्यातून आणखी कुठं. सात जागा बदलल्या! एकेका वेळी साठ साठ खेपा, आणि डोळे सगळा वेळ वर, घारीकडे. पुरलं कुठं हे बघायला डोळे उरलेच कुठे?

तेवढ्यात कावळा आला. "अगं खुळे, खाली बसून कधी भरून निघणार? वर बस. एका डावात सगळं परत. मी माझं घरटं काडीकाडीनं लावलंय वरच्या भोकाशी!"

खारीचे डोळे लाल झाले. "आणते. पोटाचे आणते. एकच डाव, मग पुन्हा ठेवीन जागच्या जागी."

धावत गेली, उकरलं. काही नाही. दुसरीकडे उकरलं. काही नाही. जांभूळ, बेट, ओढा, सगळं रान उकरलं. साठातला एक दाणा सापडेना. रडत तळ्यावर गेली.

"मावशी, माझे साठ कुठं पुरले मी? पाहिलंस का गं?"

कासविणीनं एक डोळा उघडला. "मला काय माहीत? मी म्हातारी, दगडासारखी पडलेली."

"पोरं मरतील माझी!"

"हातात काय आहे?"

"एक गाल."

"त्याचे वीस वाटे कर. एक वाटा खालच्या भोकाशी ने. बाकी वेळ रान हुंगत फीर, पडलेलं झडलेलं वेच. आणि संध्याकाळी ये. चुका घेऊन."

दुसरं करणार काय? खार गेली. भीती काही गेली नाही. भीतीला शेजारी घेऊनच बसली. वाटा संपला की उठली. "मावशी, आज चारदा चुकले." मग तीनदा. एकाचे दोन गाल झाले, पाऊस येईस्तोवर पाच. फार नाही. फार कधीच होत नाही. त्या रानात फार जाड झाली ती फक्त घूस.

पाऊस लागला. आठव्या दिवशी पाच गाल संपले. पिल्लं ओरडायचीसुद्धा थांबली, आणि खारीला ते ओरडण्याहून भयंकर वाटलं. चिंब भिजून ती तळ्यावर आली. समोर कावळा उघड्या फांदीवर कुडकुडत होता. त्याचं घरटं वरच्या भोकात गेलेलं.

"मावशी, आज चुका नाहीत. पोरांना आज खायला नाही."

कासवीण कितीतरी दिवसांनी चार पावलं बाजूला सरकली. ती पडली होती तिथल्या कोरड्या खड्ड्यात चारोळ्या. साठच्या साठ गाल. घारीकडे बघता बघता खारीनं दगड समजून तिच्याच खाली पुरले होते.

खार किंचाळली. "तू बसून होतीस! मी रडत होते आणि तू यावर बसून होतीस!"

"होते. त्या दिवशी आलीस तेव्हा तुझे लाल डोळे मागत होते," कासवीण म्हणाली. "आज पोरांचं पोट मागतंय. ने."

तात्पर्य : खेळायचं वेगळं ठेवा आणि खायचं वेगळं, आणि खायचं अशा कुणाच्या तरी बुडाखाली ठेवा, की आपले डोळे लाल झाले तरी ते बूड हलणार नाही.

काय, पटलं? खोटं आहे रे सगळं, कासव कुठं बोलतं! चला, उठा आता, जा. आणि जाताना तो गूळ खाली ठेवा, मी बघतेय.