चौदा दारांचा रांजण

एका राज्यात सात वेशींचे एक शहर होते. राजा दूर राजधानीत राही. पण शहराचे पाच पंच शहरच निवडी, आणि वेशीवरची जकात शहरातच राही. तिच्यातून विहिरी उपसल्या जात, रस्त्यांवर दिवे लागत.

निवडीच्या दिवशी चावडीत मातीचा रांजण ठेवत. ज्या घराला जो पंच हवा, त्याच्या खुणेचा चिंचोका त्यात टाकायचा. जे अंथरुणाला खिळले, ज्या बाळंतिणी, त्यांच्या दारी रांजण डोक्यावरून जाई. तो नेण्याचा मान म्हाळसा कुंभारणीचा.

त्या वर्षी ऊन फार होते. चौदा दारे उरली होती. तेव्हा राजाचा मांत्रिक कालदंभ तिच्या सावलीतून वर आला. त्याच्या हातात मोरपंखी शालू होता.

"म्हाळसाबाई, चौदा दारांवाचून काय अडते? निवड पुरी झाली म्हणून या पत्रावर अंगठा उठवा. पुढचे आम्ही पाहतो."

म्हाळसेने शालू पाहिला, ऊन पाहिले, आणि अंगठा उठवला.

तत्क्षणी रांजण नाहीसा झाला. राजधानीतून पाच अनोळखी पंच आले आणि चावडीत बसले. वेशीवर जकातीचे नाणे पेटीत पडले, की त्याचा पोपट होई आणि राजधानीकडे उडून जाई. विहिरी गाळाने भरल्या. पाणवठ्यावर बाया म्हणत, "कोण्या करंट्याने हे केले, त्याचे हात झडोत!"

म्हाळसाही म्हणे, "झडोत बाई, झडोत."

शालू तिने एकदाही नेसला नाही.

एके सकाळी पंख मोडलेला एक पोपट तिच्या चाकावर येऊन पडला. "मी विहिरीच्या दोराचे नाणे," तो म्हणाला. "रांजण सोडव. अंगठा सोडव. मग भर चौकात खरे सांग. शाप त्याने फिटेल."

म्हाळसा राजधानीला गेली. रांजण मांत्रिकाच्या तळघरात होता, त्याला नागाचा वेढा होता.

"रांजण कोणाचा?" नागाने विचारले.

"माझा नव्हे. शहराचा."

नागाने वेढा सोडला.

मांत्रिकाने अंगठ्याचा ठसा पत्रावरून सोलला आणि तिच्या तळहातावर ठेवला. "खुशाल ने. तिसरे काम तुझ्याने होत नाही. लोकांपुढे तुझी जीभ टाळूला चिकटेल."

तशी ती चिकटलीही. बाजाराच्या दिवशी म्हाळसा चौकात उभी राहिली. दोनदा तोंड उघडले, दोनदा मिटले. शेवटी तिने रांजण उतरवला आणि शालू मातीत टाकला.

"मी केले. एवढ्यासाठी. चौदा दारी मी गेलेच नाही."

मग बयजा साळीण पुढे आली. तिची सासू त्या चौदांतली.

"आणि पाणवठ्यावर आमच्यासंगे शिव्याही देत होतीस?"

हे सांगायचे म्हाळसेने ठरवले नव्हते. तिचे कान तापले, मान खाली गेली.

"होय गं. तुमच्याहून मोठ्याने."

तेव्हा आभाळ हिरवे झाले. पोपटांचे थवे परतले आणि सातही वेशींवर खणखणत नाणी पडली. चावडीतल्या पाच पंचांचे कावळे झाले, ते उडून गेले.

नवी निवड झाली. आता रांजण बयजेच्या डोक्यावर होता. म्हाळसा पुढे चालली, दार दाखवत, दारोदार हात जोडत. चौदांतली दोन दारे कायमची बंद झाली होती. तिथेही ती थांबली, उंबऱ्याला वाकली, आणि बराच वेळ उठली नाही. बयजा रांजण घेऊन तशीच उभी राहिली.

मग रांजण चावडीत आला, आणि शहराचे होते ते शहराला मिळाले.