यादीत नसलेली खेचरी

फार फार पूर्वी, डोंगरमाथ्यावरच्या एका देशात एक कायदेपंडित राहत होता. देशाचे सगळे कायदे त्याच्याच हातचे. अक्षर मोत्यासारखं, आणि स्वभाव इतका नीटनेटका की ताटातली कोशिंबीर चटणीला लागली तरी त्याचा घास अडायचा.

एकदा त्या देशात एका भोंदू वैद्यानं हत्तीच्या औषधाची मात्रा शेळीला पाजली. बिचारी शेळी जागच्या जागी मेली. राजाला फार वाईट वाटलं. त्यानं कायदेपंडिताला बोलावून सांगितलं, "मुक्या जनावरांचे असे हाल माझ्या राज्यात पुन्हा व्हायला नकोत. काहीतरी कायदा करा."

पंडितानं काम मनावर घेतलं. तो वर्षभर राजधानीच्या महाद्वारात ठाण मांडून बसला आणि जे जनावर आत येईल ते यादीत टिपत गेला. गाय, बैल, म्हैस, घोडा, गाढव, उंट, हत्ती, एवढंच काय, गारुड्याचं मुंगूससुद्धा. प्रत्येक जनावराला एक रकाना, प्रत्येक रकान्याला एक शिकलेला वैद्य. आणि शेवटी ठळक अक्षरांत लिहिलं: 'ज्याच्या रकान्यात जे जनावर नाही, त्याला त्यानं औषधपाण्यासाठी हात लावायचा नाही. लावल्यास तुरुंग.'

कायदेसभेनं टाळ्या वाजवून कायदा मंजूर केला. भोंदू वैद्य रातोरात पळाले आणि जनावरं खरोखर बरी होऊ लागली. पंडिताला नावं ठेवण्याआधी एवढं कबूल करायला हवं.

एके सकाळी पंडित जनावरांच्या दवाखान्याची पाहणी करायला गेला. दारात एक बाई काळ्याभोर खेचरीची दोरी धरून उभी होती. खेचरीचं नाव काजळी. तिच्या मागच्या डाव्या खुरात गंजका खिळा रुतला होता, म्हणून ती तीन पायांवरच उभी होती.

"शास्त्रीबुवा, तुमी तरी सांगा," बाई म्हणाली. "सकाळपासनं ह्या दारातनं त्या दारात फिरतीया. कुनी हातच लावंना."

"का बरं?" पंडितानं अश्ववैद्याला विचारलं.

"हिचे कान बघा ना, पंडितजी. बाप गाढव आहे हिचा," अश्ववैद्य म्हणाला.

"आणि आई घोडी आहे," पलीकडून गाढवांचा वैद्य म्हणाला. "माझ्याकडे कशी चालेल?"

दोघंही भली माणसं होती. अश्ववैद्याचा हात तर दोनदा खुराकडे गेला आणि तुरुंग आठवून दोनदा मागे आला.

पंडितानं बगलेतली यादी काढली. वरून खाली वाचली, खालून वर वाचली. मुंगूस होतं, खेचर नव्हतं. त्यानं चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "असं कसं होईल?" तो पुटपुटला. "मी तर वर्षभर दारात बसलो होतो. बाई, तुम्ही या देशात कधीपासून येता?"

"माज्या आज्याच्या येळपासनं. खालनं मीठ आनतो आमी. घाट लई अरुंद हाय, तितं बैल चालत न्हाई, घोडं बिचकतंय. खेचरच लागतं."

"मग मला कशा दिसला नाहीत?"

"आमी मागच्या दिंडीदरवाज्यानं येतो न्हवं! मीठवाल्यांना म्होरल्या दारानं कोन सोडतंय?"

पंडित गोंधळला. आयुष्यभर तो रोज मीठ खात आला होता, पण ते कुठून येतं हा प्रश्न त्याला कधी पडलाच नव्हता. तरी त्यानं धीर दिला. "काळजी करू नका. उद्याच कायद्यात दुरुस्ती करून घेतो."

"खिळा काडायला कितीसा येळ लागतो, शास्त्रीबुवा?"

"खिळ्याला नाही हो लागत, कायद्याला लागतो," पंडित म्हणाला. त्या वेळी त्याला हे उत्तर अगदी बरोबर वाटलं.

दुसऱ्या दिवशी कायदेसभा भरली. काजळी बाहेर अंगणात उभी होती आणि आत तिच्यावर चर्चा चालली होती. एक सभासद म्हणाला, पुढचा अर्धा भाग घोड्याचा धरावा आणि मागचा गाढवाचा. खिळा मागच्या पायात आहे, तेव्हा हे काम गाढवांच्या वैद्याचं. दुसरा म्हणाला, खूर आईवर गेलाय, तो अश्ववैद्याकडे द्या. तिसऱ्यानं उठून विचारलं, की उद्या खिळा पोटात गेला तर काय करायचं? पोट नेमकं कोणत्या अर्ध्यात येतं? मग एक समिती नेमली. समितीनं संध्याकाळपर्यंत विचार केला आणि आणखी एक समिती नेमावी असं सुचवलं.

पंडित प्रत्येकाचं म्हणणं लिहून घेत होता. लिहिताना प्रत्येक जण बरोबर वाटायचा आणि सगळं एकत्र वाचलं की कुणीच बरोबर वाटायचं नाही. आपलं डोकं असं कधी गढूळ झालं नव्हतं, हे त्याला जाणवलं आणि भीती वाटली. मधूनच खिडकीतून त्याला काजळी दिसे. ती ओरडत नव्हती की उधळत नव्हती, नुसती मान खाली घालून उभी होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी सभासद जेवायला बसले. पहिला घास तोंडात जाताच सगळ्यांची तोंडं वाकडी झाली. आमटी अळणी, भाजी अळणी, भातही अळणी.

"अरे, मीठ कुठं गेलं?" सभापतींनी आचाऱ्याला विचारलं.

"मीठ आणणारी अंगणात तीन पायांवर उभी आहे, महाराज," आचारी म्हणाला.

"मग आधी मिठाचं कलम घ्या चर्चेला!" कुणीतरी ओरडलं, आणि ताटावरच नवा वाद सुरू झाला.

पंडित हात न धुताच उठला आणि अंगणात गेला. काजळीचा खूर सुजून गरम झाला होता, त्याला वास येत होता. बाई तिच्या मानेवरून हात फिरवत बसली होती. रडून रडून तिचे डोळे कोरडे झाले होते. दवाखान्याच्या पायरीवर अश्ववैद्य दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा होता.

पंडित यादीकडे बघायचा, मग खुराकडे. खिळा उपटला तर आपलाच कायदा मोडतो. नाही उपटला तर जनावर मरतं. यातलं कोणतं कलम मोठं, हे त्यानं कुठंच लिहून ठेवलं नव्हतं. शेवटी त्यानं यादी जमिनीवर टाकली आणि धोतर खोचून खाली बसला.

"वैद्यबुवा, तुम्ही नुसतं सांगा," तो म्हणाला. "हात माझे."

वैद्य तिथूनच सांगू लागला. खूर मांडीवर घ्या. सांडशी सरळ धरा, वाकडी नको. ओढा. खिळा निघाला, पाठोपाठ पू आला. बाईनं गोणीच्या तळाचं उरलंसुरलं मूठभर मीठ कोमट पाण्यात टाकून दिलं. पंडितानं त्या पाण्यानं जखम धुतली, हळद आणि तेल लावलं, आणि आपल्याच उपरण्याची पट्टी बांधली.

"जगेल," वैद्य खुराकडे वाकून म्हणाला. "पण दोन दिवस उशीर झाला. आतून खूर सडलाय. आता ही घाट चढायची नाही."

पंडित तसाच राजापुढे जाऊन उभा राहिला. "महाराज, मी कायदा मोडला. मला तुरुंगात टाका."

राजानं यादी मागवली आणि बराच वेळ चाळली. "यात खेचर नाहीच," तो बुचकळ्यात पडून म्हणाला. "मग तुम्ही कोणत्या रकान्यातला गुन्हा केलात?"

"ज्या यादीत तिला औषध नव्हतं, त्याच यादीत मला शिक्षा नाही," पंडित म्हणाला. "मी सुटलो महाराज, पण ती लंगडी झाली. शिक्षा तिनंच भोगली."

त्याच दिवशी पंडितानं कायद्याच्या अगदी वर एक वाक्य लिहिलं: 'दुखणं घेऊन दारात आलेल्या जनावराला शिकलेल्या वैद्यानं आधी बरं करावं, रकाना मागाहून शोधावा.' सभेला पुन्हा मिठाचं जेवण हवं होतं, म्हणून वाक्य एका बैठकीत मंजूर झालं. काजळीला दवाखान्याच्या तबेल्यात कायमची जागा मिळाली. बाई आता अर्धी गोणी स्वतःच्या डोक्यावर घेऊन घाट चढू लागली.

पंडित नवी यादी करायला मागच्या दिंडीदरवाज्यात बसला होता, तेव्हा ती वर आली. त्यानं उठून गोणी उतरवायला हात दिला आणि मोठ्या आशेनं ते वाक्य तिला वाचून दाखवलं.

बाईनं पदरानं घाम पुसला. "चांगलं हाय की," ती म्हणाली. "पर शास्त्रीबुवा, हे एवढंच लिवायचं हुतं, तर तवाच दारात का न्हाई लिवलं?"

पंडितानं लेखणी उचलली आणि परत खाली ठेवली.

तात्पर्य: मुक्या जीवांसाठी कायदा करणाऱ्यानं पुढच्या दाराबरोबर मागच्या दारातही बसावं, आणि समोर जीव तळमळत असेल, तर आधी खिळा काढावा, कलम नंतर लिहावं.