चालत आलेला बैल

शके अठराशे सदुसष्टचा वैशाख. अक्षय्य तृतीया होऊन चार दिवस झाले होते. त्या काळी एका गावात एक वृद्ध वस्ताद राहत असे. तरुणपणी त्याने तालीम चालवली, म्हातारपणी गावाचा कोंडवाडा सांभाळला. चुकार जनावरे तिथे कोंडली जात. मालक दंड भरून ती सोडवून नेत.

त्या दिवशी भर दुपारी एक फौजदार त्याच्याकडे आला. लहानपणी तो याच वस्तादाचा पठ्ठा होता.

ऊन असे होते की समोरचा माळ पाण्यासारखा हलत होता. शिरीषाची फुले आवाज न करता गळत होती. गुरे डोळे मिटून रवंथ करीत होती. फौजदार भिंतीला टेकला. तीन रात्री त्याला झोप नव्हती. क्षणभर डोळा लागला, आणि गुरांच्या मधोमध त्याला दस्तगीर उभा दिसला. तोही डोळे मिटून उभा होता.

दस्तगीर कल्हईवाला होता. तांब्याचा हंडा चोरल्याच्या संशयावरून त्याला तीन दिवसांपूर्वी सकाळी याच फौजदाराच्या चौकीत आणले. दिवस मावळायच्या आत तो मेला. कागदावर लिहिले गेले, छातीत कळ आली. त्याची बायको हुसेनबी तेव्हापासून चौकीच्या पायरीवर बसून होती. रडत नव्हती. येणाऱ्याजाणाऱ्याला एकच विचारीत होती, "आत काय झालं?"

फौजदार दचकून जागा झाला. वस्ताद आपल्या गोठ्यातला तांबडा बैल एका शेतकऱ्याच्या हाती देत होता. शेतकरी अवघडला होता.

"नको, वस्ताद. माझा बैल म्हाताराच होता."

"धर कासरा."

"मग निदान माझा दंड तरी घ्या."

"तुझा बैल मेला आणि वर तुझ्याकडून दंड घेऊ? मला काय सरकार समजलास?"

शेतकरी बैल घेऊन गेला. माळावरच्या झळांत दोघेही विरघळल्यासारखे दिसेनासे झाले.

"त्याचा बैल कशानं मेला?" फौजदाराने विचारले.

"काल आत मारक्या वळूनं शिंग घातलं."

"मग तुमचा काय दोष? तुम्ही हातही लावला नाही."

"नाही लावला. पलीकडं भाकरी खात होतो."

"शिवाय म्हातारा होता. आज ना उद्या मेलाच असता."

वस्तादाने त्याच्याकडे निरखून पाहिले. "पाठ केलेलं दिसतंय."

फौजदाराची मान खाली गेली. तो म्हणाला, "मी बाहेर होतो, वस्ताद. मारलं शिपायांनी. मी बोट लावलं नाही."

"ओरडणं ऐकू येत होतं?"

"येत होतं."

वस्ताद म्हणाला, "मोकळं जनावर आपला जीव आपण राखतं. वळू आला तर पळतं. मी फाटक लावलं, तेव्हा त्याचं पळणं काढून घेतलं. मग त्याचा जीव कुणी राखायचा? तो बैल माझ्या दारातून आपल्या पायांनी चालत आत आला होता. शिंग कुणाचं, ते नंतर. फाटक माझं होतं."

"तुम्हाला बैलाच्या बदली बैल देता आला. मी काय देऊ?"

"माणूस देता येत नाही. पायरीवर बसलीय ती बाई तो मागतही नाही. काय मागते ती?"

"आत काय झालं ते."

"मग ते तिचं आहे. तू दाबून बसलायस."

"नोकरी जाईल. तुरुंगही होईल."

"होईल," वस्ताद म्हणाला, आणि गुरांना पाणी दाखवायला उठला.

फौजदार उन्हातून निघाला. आपले पाय जमिनीला लागत नाहीत, असे त्याला वाटत होते. चौकीपाशी येऊन त्याने टोपी काढली आणि हुसेनबीच्या खालच्या पायरीवर बसला. शिपाई दारात आले. "साहेब, आत चला," एक जण म्हणाला. तो उठला नाही.

त्याने सांगितले. कुणी मारले, कशाने मारले, किती वेळ. दस्तगीरने पाणी कितीदा मागितले. तेव्हा आपण स्वतः कुठे उभे होतो. हुसेनबीने मध्ये एकदाही थांबवले नाही.

मग तिला बरोबर घेऊन तो मामलेदार कचेरीत गेला, तेच शब्द पुन्हा बोलला आणि लिहिलेल्या जबाबाखाली सही केली.