न बघितलेली पानं

“म्हणजे समोरच्याच्या डोक्यावर आकडा दिसतो?” जमालबाबांनी विचारलं.

“दिसतो. कोण किती वेळा माघार घेतो, कोण हूल देतो, सगळं हे सॉफ्टवेअर मोजून ठेवतं.” शार्दूल कासारनं लॅपटॉप बाबांकडं वळवला. “ऑनलाइन पोकर आहे, बाबा. कुणाचं तोंड दिसत नाही. पण ह्या आकड्यांपुढं माणूस नागडा होतो.”

“अन् तू?”

“मी काय?”

फकिराच्या तकियाच्या ओट्यावर बसलेले बाबा शेंगा सोलत राहिले...

पोरगं हुशार, त्यात वाद नाही. बापाचं भांड्यांचं दुकान विकायचं आणि तो पैसा मोठ्या टेबलावर न्यायचा, असा बेत बांधून आलं होतं. बाप एवढंच म्हणाला होता, तकियातले बाबा हो म्हणाले तर सही करतो. दुकान विकत घेणारं गिऱ्हाईक तिकडं येऊन बसलेलं. शार्दूलला ते ‘हो’ आत्ताच्या आत्ता पाहिजे होतं.

“दुवा द्या, बाबा.”

“देऊ की. खेळून घे.”

झोळीतून पत्त्यांचा कॅट निघाला. ओट्यावर जुगार मांडून बसणाऱ्या ड्रायव्हरांकडून बाबांनी तो कधीतरी हिसकावला होता.

“तीन पत्ती येते ना? जिंकलास तर बापाला हो म्हणतो. हरलास तर नाही.”

शार्दूलला हसू आलं. ह्या म्हाताऱ्याशी? त्यानं झाडाखालचे चिंचोके गोळा करून सारखे वाटले, पानं पिसली, तीन-तीन टाकली.

आपली उचलून पाहिली. दोन एक्के, एक राजा. तोंडावर काही येऊ दिलं नाही.

बाबांनी पानं उचललीच नाहीत. पालथ्या पानांसमोर एक चिंचोका सरकवला.

“ब्लाइंड.”

तीन पत्तीचा कायदा सगळ्या गावाला पाठ आहे. न बघणाऱ्यानं एक लावला तर बघणाऱ्याला दोन लावावे लागतात. शिवाय समोरचा न बघता खेळतोय तोवर बघणाऱ्याला ‘शो’ मागता येत नाही. दुप्पट लावत राहायचं, नाहीतर पानं टाकून ‘पॅक’ व्हायचं.

शार्दूलनं दोन लावले.

बाबांनी एक.

“बाबा, पानं बघा की.”

“बघतोस ना तू. पुरे झालं.”

दोन. एक. पुन्हा दोन. शार्दूल बाबांचा चेहरा न्याहाळत होता. डोळा लवतोय का, हात थबकतोय का... बाबांनी शेंगेतला किडका दाणा थुंकला आणि आणखी एक चिंचोका सरकवला.

“तुम्हाला माहितीय का काही? कॅटाला खूण केलीय?”

“पिसला कुणी?”

पिसला शार्दूलनंच होता. हिशेबानं ही पानं जिंकणारी होती. हे त्याला कुणी सांगायला नको होतं. तो दुप्पट लावत गेला आणि उरलेले शेवटचे दोन चिंचोकेही पुढं लोटले.

बाबांनी एक लावला. त्यांच्यापुढं अजून ढीग होता.

“माझे संपले, बाबा.”

“मग दुसरं काही लाव. ते लाव.” बाबांनी लॅपटॉपकडं हनुवटी केली. “हरलास तर ते इथंच राहील.”

“ह्यात माझी तीन वर्षं आहेत. एकेक माणूस मोजून ठेवलाय.”

“मग पॅक हो.”

शार्दूलनं एक्के पुन्हा पाहिले. तेच होते. लॅपटॉपवर हात ठेवला, थोडा पुढं सरकवला... आणि मांडीवर ओढून घेतला.

दुकान बापाचं होतं. लॅपटॉप त्याचा होता.

“पॅक,” तो म्हणाला.

“घरी जा. बापाला सांग, बाबा नाही म्हणाले.”

“सांगतो. पण तुमची पानं दाखवा.”

बाबांनी ती तिन्ही पानं पालथीच उचलली आणि कॅटात सारली.

“थांबा की, बाबा... काय होतं त्यात?”

बाबा पानं पिसू लागले.

“भ्यालास तू, अन् विचारतोस मला?”