राहीच्या वाकळेतली रिकामी जागा

फार वर्षांपूर्वी कड्याच्या टोकावर एक गाव होतं. गावात राही नावाची शिंपीण होती, तिची म्हातारी सासू होती, आणि नवसासायासानं झालेली एकुलती एक लेक होती, ठकू.

एका उन्हाळ्यात गावात देवी आली. घराघरांत अंगावर फोड उठले, दारोदारी कडुलिंबाचे डहाळे लागले. राहीचा नवरा पहिल्याच तडाख्यात गेला. ठकू वाचली, पण देवीनं तिचे डोळे नेले. तशी आणखीही पोरं आंधळी झाली. त्यातली गुरवाची पोरगी चाचपडत चाचपडत कड्यावर गेली ती परत आली नाही. त्या दिवसापासून राही ठकूला खांबाला बांधून ठेवायची. पोर रडायची, "आये, सोड गं. मी काय वासरू आहे?"

राहीच्या मनात आलं, गावच शिवून पोरीच्या हातात द्यावं. पण देवी गावात असेपर्यंत कुणी सुई धरायची नाही, अशी रीत होती. सुई कापडात जाते, पण टोचते देवीच्या अंगात, असं म्हणतात. सासू कळवळली, "राहे, अगं नवरा गेला, आता पोर घालवतेस का?"

मग राहीनं सुई ठेवली आणि बाभळीचा काटा घेतला. काट्यानं भोक पाडायचं, दोरा बोटानं ओवायचा. जुन्या लुगड्यांच्या वाकळेवर तिनं घरांच्या उठावदार गाठी घातल्या, विहिरीचं कडं घातलं, आणि कड्याच्या काठानं जाड गाठींची रांग. टाका घालताना दारात कांकणं वाजल्याचा भास व्हायचा, पाठीवरून गार वारा जायचा. वळून बघायची तिची छाती नव्हती.

ठकू बोटांनी वाकळ वाचू लागली. "ही विहीर! ही चिंच! आणि ही बारकी गाठ?"

"ती तुझी आजी."

"मग अजून बडबडली कशी नाही?"

पोर हसली तशी राहीनं तिचा दोर सोडला.

पण घात तिथंच होता. कड्याच्या काठावर देवीचं देऊळ होतं. देवीच्या जागी काटा कसा टोचायचा, म्हणून राहीनं तेवढी जागा कोरी सोडली होती. ठकूच्या बोटांना तिथं गाठ लागली नाही. तिला वाटलं, इथं वाट मोकळी आहे.

तिन्हीसांजेला राही पाणी घेऊन आली, तर ठकू घरात नाही. हातातली घागर पडली. ती धावत सुटली. बघते तर देवळाजवळ अगदी काठावर ठकू उभी, खांद्यावर वाकळ, तिचा एक पाय अधांतरी, आणि मळवट भरलेल्या एका बाईनं तिचं मनगट धरलेलं. बाईच्या तोंडावर फोडच फोड. ठकू दुसऱ्या हातानं त्या फोडांवरून बोटं फिरवत होती, वाकळ वाचावी तशी.

बाई म्हणाली, "इथं गाठ का नाही घातलीस?"

राही म्हणाली, "आई, तुझ्या अंगात काटा कसा टोचू?"

"माझ्या अंगावर एवढं उठलंय, तुझा एक काटा मला जड झाला असता होय?"

तिनं ठकूचा हात राहीच्या हातात दिला. राहीनं पायांवर डोकं ठेवलं, तर कपाळाला पाय लागलेच नाहीत, लागला कडुलिंबाचा पाला.

राहीनं बाभळीचा काटा मोडला, पदराचा दोरा काढला आणि तिथल्या तिथं वाकळेतल्या कोऱ्या जागी गाठ मारली. त्याच आठवड्यात देवी गावातून निघाली, असं म्हणतात.

मग लांबलांबून आंधळी माणसं यायला लागली. कुणासाठी राहीनं गाव शिवलं, कुणासाठी झाडपाल्याचं औषध, कुणासाठी सणावाराची कहाणी. ठकू त्यांच्या शेजारी बसून वाचायला शिकवायची.

आजही त्या गावात कुणाची नजर गेली की घरटी एक चिंधी निघते. सगळ्यांनी मिळून वाकळ शिवायची, आणि पहिली गाठ देवळाची, तीही बाभळीच्या काट्यानंच. गाठ घालायचा मान ठकूच्या घराण्यातल्या लेकी-सुनांचा. कारण ठकूचं लग्न झालं, घर लेकरांनी भरलं, आणि दोरानं बांधलेल्या त्या पोरीनं पतवंडांची तोंडं पाहिली. बोटांनी पाहिली, एकेक करून, हसत हसत.